नवरीच्या टाकीतले एकशे पाच लिटर

१

एकशे पाच लिटर डिझेल गायब झालं होतं. सांडलं नव्हतं, गळलं नव्हतं, आणि जळलंही नव्हतं. निदान ट्रकच्या डिस्प्लेचं म्हणणं तरी तसं होतं. चार फेऱ्यांमध्ये डिस्प्लेने जेवढं जळल्याचं सांगितलं, त्यापेक्षा एकशे पाच लिटर जास्त टाकीत ओतावं लागलं होतं. मग हे जास्तीचं गेलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर डेपोतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात देऊन टाकलं होतं, पण तोंडातून काढायला कुणी धजत नव्हतं.

शेवटी ते काम तात्यांनी स्वतःच केलं. तात्या म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि त्या सत्तावीस वर्षांचं फळ म्हणून दोन महिन्यांपूर्वी कोरा करकरीत ट्रक त्यांच्या हातात आलेला. सगळे त्या ट्रकला ‘नवरी’ म्हणत. त्या सकाळी तात्या फेरीवरून आले, हातपाय धुतले आणि नवरीची किल्ली त्यांनी मालकांच्या टेबलावर ठेवली.

“मालक, तुम्ही मला चोर म्हणाला नाहीत, हा तुमचा मोठेपणा,” ते म्हणाले. “पण आठ दिवस झाले, तुम्ही माझ्या नजरेला नजर देत नाही. एक वाजताच्या बसने मी घरी जातो. परत यायचा नाही.”

मालकांचं वय पस्तीस, पदरी अकरा ट्रक, पण तात्यांसमोर ते अजूनही शाळकरी पोरासारखे व्हायचे. तात्या बाहेर पडताच त्यांनी घाईघाईने फोन उचलला आणि आपल्या मावशीला लावला.

“मावशी, लगेच ये. चोरी झालीय.”

“चोरी?” पलीकडून आवाज आला तो इतका आनंदी होता, की मालकांनी फोन कानापासून लांब धरला. “अरे गोट्या, मग हे आधी नाही का सांगायचं!”

२

मावशींना सारा बाजार काटेबाई म्हणून ओळखायचा. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होत्या. त्या बाजारात शिरल्या की खोटं माप ठेवणाऱ्यांची पाचावर धारण बसायची. निवृत्त झाल्यापासून मात्र हाताला काम नव्हतं. घरातला वजनकाटा त्यांनी इतक्यांदा तपासला होता, की सुनेने तो शेवटी कपाटात लपवून ठेवला. त्यामुळे पाच लिटरचं स्टीलचं माप पिशवीत टाकून त्या पंधरा मिनिटांत डेपोत हजर झाल्या.

ऑफिसात शिरताच त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं. तिथे एक भलीमोठी तसबीर होती. मधोमध धुऊन पुसून लखलखणारी नवरी, भोवती सगळा डेपो, एका टोकाला टाकीत नोझल धरून उभा असलेला पंपवाला, आणि सगळ्यांच्या पुढे छाती काढून मालक.

“छान आलाय फोटो,” काटेबाई म्हणाल्या. “गाडीसुद्धा नाक वर करून उभी आहे. अगदी तुझ्यासारखी.”

“मावशी, मी चोरीबद्दल बोलतोय.”

“बोल की. मी कान बंद केलेत का?”

मालकांनी सगळं सांगितलं. फेरीवर निघताना टाकी काठोकाठ भरलेली असते. परत आल्यावर किती लिटर जळालं ते डिस्प्ले सांगतो. मग टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं जळालं तेवढंच आत जायला हवं, नाही का? पण जातं जास्त. म्हणजे वाटेत कुणीतरी काढलेलं असणार. मालकांनी वही पुढे सरकवली. पहिली फेरी चारशे किलोमीटर, चाळीस लिटर गायब. दुसरी आठशे, वीस गायब. तिसरी बाराशे, तीस. चौथी सहाशे, पंधरा.

“चारही फेऱ्या तात्यांच्याच?”

“चौथ्या वेळी त्यांना ताप होता. दुसरा ड्रायव्हर गेला होता.”

“आणि तरी पंधरा लिटर गेलं?”

“मग तोही सामील असेल,” मालक खाली बघत म्हणाले.

“वा! म्हणजे तापाने फणफणलेला माणूस अंथरुणात पडून सूत्रं हलवत होता. गोट्या, तू अकरा ट्रक कसे चालवतोस रे?”

मालकांचा चेहरा एवढासा झाला. “मला तात्यांवर संशय घ्यायचाच नाहीये. म्हणून तर तुला बोलावलं. पंप खोटा आहे एवढं सिद्ध कर, मी आत्ता जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवतो.”

काटेबाईंनी आकडे एका चिठ्ठीवर उतरवले आणि घड्याळात पाहिलं. सव्वादहा वाजले होते.

३

डेपोतला पंप थेंबेकाकांच्या ताब्यात होता. त्यांचं खरं आडनाव काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जमिनीवर एक थेंब सांडला तरी ते दिवसभर हळहळत, म्हणून थेंबेकाका. काटेबाईंनी पिशवीतून माप काढलं तशी त्यांची कळी खुलली.

“तपासा बाई, खुशाल तपासा. नाहीतर हे लोक कायम माझ्याकडे बघून नाक मुरडणार.”

पाच लिटरचं माप चार वेळा भरलं. चारही वेळा डिझेल बरोब्बर रेघेला टेकलं. काटेबाईंनी वाकून, बसून, एक डोळा मिटून पाहिलं, पण रेघेच्या ना वर ना खाली. असं चोख माप कितीतरी दिवसांनी दिसलं म्हणून त्यांना मनापासून आनंद झाला आणि पंप सुटला म्हणून तेवढंच वाईटही वाटलं.

“काका, गाडी नेहमी इथेच उभी करून भरता?”

“हो तर. या सिमेंटच्या चौकोनात. जमीन कशी परातीसारखी सपाट आहे बघा. एकदाच काय ते तिकडे, पाइप ताणून ताणून...” थेंबेकाका एकदम थांबले. त्यांनी ऑफिसच्या खिडकीकडे चोरून पाहिलं. “जाऊ द्या. ते तुम्ही मालकांनाच विचारा.”

काटेबाई वळून गॅरेजमध्ये गेल्या. तिथे मेकॅनिक एका ट्रकवर ओणवा झाला होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून इंजिनाची धडधड ऐकायची त्याची सवय, त्यामुळे सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

“डॉक्टर, नवरीच्या डिस्प्लेवर भरवसा ठेवावा का?”

“शंभर टक्के!” डॉक्टर छाती फुगवून म्हणाला. “मी स्वतः दुरुस्त केलाय तो.”

काटेबाईंनी कान टवकारले. “दुरुस्त? बिघडला होता?”

“ॲव्हरेज कमी दाखवत होता बाई. लिटरला चार किलोमीटर. नवीन गाडी आणि चार? मालक हिरमुसले. मग मी रीतसर तपासलं. टाकी गळ्यापर्यंत भरली, गाडी बाराशे किलोमीटर फिरून आली. डिस्प्ले म्हणाला तीनशे लिटर जळालं. पुन्हा गळ्यापर्यंत भरायला घेतली, तर आत गेलं दोनशे सत्तर! म्हणजे गाडी चार नाही, जवळजवळ साडेचार देते. आता या डिस्प्लेत एक सुधारणेचा आकडा असतो. तो बदलला की सगळे हिशेब त्या प्रमाणात सरकतात. तो मी बदलला. मालकांनी त्या दिवशी अख्ख्या डेपोला चहा पाजला.”

“किती वेळा भरून तपासलंस?”

“किती वेळा म्हणजे? एकदा.”

“एकदा!” काटेबाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, आमच्या खात्यात भाजीवाल्याच्या काट्यालासुद्धा तीनदा तोलल्याशिवाय शिक्का मिळायचा नाही.”

“पण बाई, पंप चोख आहे, टाकी गळ्यापर्यंत भरली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग एकदा काय नि तीनदा काय?”

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. पंप खरा, टाकी भरलेली, आकडे वहीत. एकही दुवा कच्चा नव्हता आणि साडेअकरा वाजून गेले होते.

४

तात्या धुण्याच्या चौथऱ्याच्या कडेवर बसले होते. बॅग शेजारी होती. ट्रक धुण्यासाठी बांधलेला हा लांबलचक चौथरा डेपोच्या मागच्या बाजूला होता. किटली आणि दोन ग्लास घेऊन काटेबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

“मला समजावायला आला असाल तर उपयोग नाही, बाई.”

“मी कुणाला समजावत नसते. मी मोजते.” त्यांनी चिठ्ठी काढून मांडीवर पसरली. “तात्या, तुम्ही चोर असता तर किती काढलं असतंत?”

तात्यांना या प्रश्नाचा राग यायला हवा होता, पण हसूच आलं. “मी काय सांगू? डबा असेल तेवढं. दहाचा, वीसचा. कधी जास्त, कधी काहीच नाही.”

“तेच म्हणते मी. आणि हा आपला चोर बघा. आठशेला वीस, बाराशेला तीस, सहाशेला पंधरा. दर शंभर किलोमीटरला अडीच लिटर, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. असा प्रामाणिक चोर मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. हा माणूस नाहीच. हा डिस्प्लेच आहे. डॉक्टरने दुरुस्त केल्यापासून जळलेलं डिझेल तो कमी सांगतोय.”

तात्या सरसावून बसले. “मग पहिली फेरी? चारशेला चाळीस आहेत. तुमच्या हिशेबाने दहा हवेत.”

काटेबाईंचा चेहरा उतरला. हीच फेरी त्यांना मघापासून छळत होती. दहा डिस्प्लेचे. मग वरचे तीस कुठले? आणि दुरुस्तीच्या वेळी तीनशेऐवजी दोनशे सत्तरच गेलं, तिथेही तीसच. एकदा टाकीत तीस कमी मावलं आणि पुढच्याच खेपेला तीस जास्त. टाकी काय श्वास घेते की काय?

त्यांनी ग्लास चौथऱ्यावर ठेवले. तात्यांनी पाहुणचार म्हणून किटली उचलली आणि काठोकाठ चहा ओतला, तो लगेच ओघळला.

“अरेरे, सांडला. फार भरला वाटतं.”

“कुठे भरलाय? माझ्या बाजूने तर अजून...” काटेबाई बोलता बोलता ग्लासाकडे वाकल्या. त्यांच्या बाजूचा ग्लासचा काठ कोरडा होता, चांगला बोटभर. तात्यांच्या बाजूने मात्र चहा बाहेर वाहत होता. त्यांनी ग्लास उचलून हातात सरळ धरला. वर पुष्कळ जागा होती.

“तात्या, हा चौथरा उताराचा आहे?”

“असणारच. पाणी मागच्या गटारात जायला नको का? गाडीचं नाक वर राहतं.”

“आणि नवरीच्या टाकीचं तोंड?”

“मागच्या टोकाला.” तात्यांच्या तोंडून शब्द निघाले आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

काटेबाई ताडकन उठल्या. वय विसरून त्या चौथऱ्यावर लहान मुलीसारख्या दोन पावलं नाचल्याच. “फोटो! फोटोत थेंबेकाका नोझल धरून उभे आहेत आणि गाडी नाक वर करून! त्या दिवशी गाडी इथे, या उतारावर भरली. का? पंप सोडून इथे कुणी भरायला लावली?”

तात्यांनी मान फिरवली. “जाऊ द्या ना बाई. गाडी धुतली होती, खाली चिखल होता. चाकं माखतील, फोटो खराब होईल, असं वाटलं एखाद्याला. त्याने इथेच भरा म्हटलं. नवी गाडी होती, हौस असते.”

“म्हणजे तुम्हाला चोर समजणाऱ्याला तुम्ही अजून पाठीशी घालताय?”

तात्यांनी बॅग उचलली आणि ते फाटकाच्या दिशेने चालू लागले.

“तात्या, चोर सापडलाय!” काटेबाई मागून ओरडल्या. “लहानपणी त्याचं नाक मी स्वतः पुसलेलं आहे!”

५

सव्वाबाराला सगळा डेपो चौथऱ्याभोवती गोळा झाला. तात्या तेवढे फाटकाबाहेर बसची वाट बघत होते आणि बोलावूनही येत नव्हते.

“नवरी आजच्या फेरीवरून आली, तेव्हापासून भरलेली नाही ना?” काटेबाईंनी विचारलं.

“नाही. हजार किलोमीटर झाले,” मालक म्हणाले. “डिस्प्ले म्हणतो दोनशे पंचवीस लिटर जळालं.”

काटेबाईंनी एका कागदावर दोन आकडे लिहिले, घडी घातली आणि ती थेंबेकाकांच्या वरच्या खिशात ठेवली. मग नवरीला चौथऱ्यावर चढवायला लावलं. पाइप ताणला. थेंबेकाकांनी डिझेल सोडलं. टाकीच्या गळ्याशी डिझेल दिसलं तसा त्यांनी हात आवरला. पंपावरचा आकडा डॉक्टरने मोठ्याने वाचला.

“दोनशे एकोणीस पॉइंट सहा!”

“भरली?” काटेबाईंनी विचारलं.

“गळ्यापर्यंत,” डॉक्टर म्हणाला.

मालक गोंधळले. “दोनशे पंचवीस जळालं आणि दोनशे वीसच मावलं? म्हणजे या वेळी तात्यांनी उलट पाच लिटर आपल्या पदरचं घातलं?”

सगळे खो खो हसले. काटेबाई मात्र हसल्या नाहीत. “आता खाली घ्या. काकांच्या चौकोनात.”

नवरी हळूच खाली उतरली आणि पंपासमोर सपाट सिमेंटवर उभी राहिली. थेंबेकाकांनी झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि तोंडाचा चंबू केला. डिझेल कितीतरी खाली गेलं होतं. त्यांनी पुन्हा नोझल लावलं. दहा लिटर गेलं. वीस गेलं. तिसाच्या जरा पुढे जाऊन पंप थांबला.

“काका, चिठ्ठी वाचा.”

“चौथऱ्यावर दोनशे वीस,” थेंबेकाकांनी घडी उलगडून वाचलं. “खाली आणखी तीस.”

आता कुठे काटेबाई मनसोक्त हसल्या. “गाडीचं नाक वर असलं की डिझेल मागच्या तोंडाशी लवकर पोचतं. तुम्हाला वाटतं टाकी भरली, पण पुढच्या कोपऱ्यात तीस लिटरची जागा रिकामी राहते. फोटोच्या दिवशी तेच झालं. जळालं होतं तीनशे, मावलं दोनशे सत्तर. डॉक्टरला वाटलं डिस्प्ले जास्त सांगतो, म्हणून त्याने तो कमी सांगायला लावला. पुढच्या फेरीनंतर गाडी सपाटीवर भरली, तेव्हा तो रिकामा कोपराही भरला गेला. म्हणून पहिल्याच खेपेला तीस जास्त. त्यानंतर दर शंभराला अडीच लिटरचा फरक, चुकीच्या दुरुस्तीचा. आजसुद्धा बघा, अडीचशे मावलं, डिस्प्ले म्हणतो दोनशे पंचवीस. हजार किलोमीटरला पंचवीस. टाकीतून कुणी थेंबभरही काढलेलं नाही.”

डॉक्टरचं तोंड पडलं. “म्हणजे डिस्प्ले मुळात बरोबरच होता?”

“अगदी बरोबर. त्याला काही झालेलंच नव्हतं. तूच त्याला औषध दिलंस.”

“पण बाई, उतारावर गाडी भरायला मी नव्हतं सांगितलं,” डॉक्टर पुटपुटला. थेंबेकाका आकाशाकडे बघू लागले. हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या.

मालक लाल झाले, मग पांढरे झाले. “मीच,” ते म्हणाले. “चाकांना चिखल लागेल म्हणून. मीच म्हणालो, इथेच भरा.”

६

डॉक्टरने केबिनमध्ये चढून सुधारणेचा आकडा होता तसा करून टाकला. गेल्या चार फेऱ्यांचे किलोमीटर आणि सपाटीवर भरलेले लिटर घेऊन त्याने भागाकार केला, काटेबाईंच्या धाकाने तीनदा केला. उत्तर तिन्ही वेळा तेच आलं. लिटरला चार.

“म्हणजे नवरी साडेचारच्या घरातली नाही?” मालकांना जाता जाता तेवढंच वाईट वाटलं.

“गोट्या, एकला दहा मिनिटं कमी आहेत.”

मालक किल्ली घेऊन धावत सुटले. फाटकापाशी पोचले, पलीकडे पाठमोरे तात्या दिसले, आणि ते तिथेच थांबले. काय म्हणायचं? कोणत्या तोंडाने म्हणायचं? ते गर्रकन वळले आणि फाटकाजवळच्या खोलीत शिरले. आत ड्रायव्हरांना बोलावण्यासाठी माइक होता आणि छपरावर दोन भोंगे. तोंडावर सांगायचं धैर्य नव्हतं, पण भिंतीआडून बोलता येणार होतं.

भोंगे खरखरले. “तात्या... मी बोलतोय. डिझेल कुणी चोरलेलं नाही. चूक माझी होती.”

रस्त्यावरची माणसं थबकली. समोरच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं. तात्यांनी सावकाश वळून फाटकाकडे पाहिलं आणि कानामागे हात धरला.

“ऐकू आलं नाही!”

काटेबाई तोंडावर पदर धरून हसू लागल्या. भोंगे पुन्हा खरखरले. “तात्या, गाडी मीच उतारावर भरायला लावली! माझ्या हौसेपायी डिस्प्ले बिघडला! तुम्ही निर्दोष आहात!”

“गाड्यांचा फार आवाज आहे!” तात्या ओरडले. रस्त्यावर त्या क्षणी एकही गाडी नव्हती.

आता डेपोतले सगळे हसत होते. भोंग्यातून मात्र खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

“तात्या, मी तुमच्यावर संशय घेतला,” मालक म्हणाले. “मला आठ दिवस झोप नाही. तुम्ही गेलात तर मी कुणाकडे बघून हा धंदा करू? मला माफ करा.”

कुणी हसलं नाही. तात्यांनी बॅग उचलली, फाटकातून आत आले आणि त्या छोट्याशा खोलीच्या दारात उभे राहिले. मालक माइकला धरून बसले होते. सत्तावीस वर्षांत तात्यांनी त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती, मालक लहान होते तेव्हाही नाही. त्यांनी मालकांनी माइकशेजारी ठेवलेली नवरीची किल्ली उचलली, खिशात टाकली आणि मालकांच्या डोक्यावर हात ठेवला.

“आधी तो माइक बंद कर, वेड्या,” ते म्हणाले, आणि तेही सगळ्या रस्त्याने ऐकलं. “रडायला लागलास तर पंक्चरवाल्यालाही कळेल.”

मालक घाईघाईने बटण शोधू लागले. ते सापडेपर्यंत त्यांनी दोनदा नाक ओढलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.